लाल दोऱ्याचे तीन कोबी

माझ्या सासूबाईंना, ल्वान शूफेन यांना, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घरातली कुठली वस्तू कुठे झोपते, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. झोपते, हा त्यांचाच शब्द. "भाजी काय, फळ काय, जीव असतो त्याला," त्या म्हणायच्या. "हिवाळाभर झोपवायचं. मारायचं नाही आणि उठवायचंही नाही."

हार्बिनच्या कडेला आमचं घर. पाच महिने जमिनीत कुदळ शिरत नाही, त्यामुळे थंडी पडण्याआधी जे साठेल तेच खायचं. शहरातल्या रशियन भट्टीचा डोक्याएवढा आंबूस पाव घरातल्या रांजणात, कापलेली बाजू खाली, वर ओलसर फडकं. वाफवलेले पाव मात्र अंगणातल्या रांजणात, उघड्या गारठ्यात. ते दगड झाले की महिनाभर बघायला नको, लागतील तेवढे आत आणून पुन्हा वाफवायचे. मोठ्या नासपतींचा देठ जाड मुळ्यात खुपसायचा आणि दोघांना मिळून कागदात गुंडाळायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी ते बघून मला हसू आवरेना.

"आई, नासपतीला मुळ्याच्या घरी दिलीत की नांदायला!"

"हसून घे. तुझ्यापेक्षा बरी नांदते ती," त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. वसंतात कागद सोडला तर मुळा सुरकुतलेला आणि नासपती रसाने टच्च. मी मात्र तोवर एक पराक्रम करून बसले होते.

अंगणात आमचं तळघर होतं, दोन पुरुष खोल. झाकण उघडून आधी दोरीने दिवा खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणसाने उतरायचं, विझला तर हवा वाईट. खाली दोनशे लांबट कोबी ओळीने रचलेले. दर दहा दिवसांनी एकेक उचलून कूस बदलायची आणि कुजकं पान असेल तर काढायचं. सासूबाई हे काम अशा हळुवारपणे करायच्या, की मला वाटायचं आपणही कोबी म्हणून जन्माला यायला हवं होतं.

कोपऱ्यात वाळूत मुळांसकट उभे केलेले तीन कोबी वेगळे होते. त्यांना लाल दोरा बांधलेला. ते खायचे नाहीत. वसंतात ते मातीत लावायचे, त्यांना फुलं येऊ द्यायची आणि शेंगांमधलं बी धरायचं. हे बी त्यांच्या आईचं. दुष्काळात शानतुंगहून चालत निघाली तेव्हा तिने ते बंडीच्या अस्तरात शिवून आणलं होतं. शेजारच्या मा काकू वीस वर्षं चमचाभर मागत होत्या. सासूबाई देत नसत. "बी म्हणजे काय साखर आहे, उसनी द्यायला?" बाकी सढळ बाई, पण या एका बाबतीत चिक्कू, अगदी चिक्कू.

त्यातून आदल्या उन्हाळ्यात पावसाने शेंगा बुरसल्या होत्या. जुनं उरलेलं बी सगळं पेरून झालेलं. आता जे काही होतं ते या तीन कोबींच्या पोटात. "हे गेले तर आई दुसऱ्यांदा गेली म्हणायची," पहिल्यांदा तळघर दाखवताना त्या मला म्हणाल्या होत्या.

डिसेंबरात त्या बर्फावरून घसरल्या आणि पाय मुरगळून बसल्या. नवरा रेल्वेच्या कारखान्यात, आठवड्याने घरी येणारा. तळघर माझ्या हाती आलं. त्याच आठवड्यात माहेरहून वडिलांनी सफरचंदांच्या दोन पेट्या पाठवल्या. आमचं गाव दक्षिणेला, सफरचंदांचं. सासरी रिकाम्या हाताने आलेली मुलगी मी, त्या पेट्या बघून ताठ झाले. ठरवलं की आईंना आत्ता सांगायचं नाही. चांगली जपून ठेवू आणि नववर्षाच्या सणाला एकदम ताट भरून समोर ठेवू. तळघरात जागा कुठे होती? कोपऱ्यात, त्या तिघांच्या शेजारी.

आता गंमत ऐका. माहेरी पर्सिमनचं कडक, तुरट फळ पिकवायचं तर आम्ही त्याच्या मडक्यात एक सफरचंद टाकत असू. चार दिवसांत ते लोण्यासारखं मऊ होतं. सफरचंद शेजाऱ्याला पिकवतं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण पिकवणं म्हणजे चांगलंच करणं, असंच मी समजत आले होते. कोबीलाही पिकवेल, हे डोक्यात शिरलंच नाही.

पहिल्या फेरीला कोपऱ्याकडच्या कोबींची बाहेरची पानं गळलेली दिसली. मी ती गोळा करून डुकराला घातली. दुसऱ्या फेरीला जास्त गळली. मनात पाल चुकचुकली, पण विचारायची लाज वाटली. इतकी साधी गोष्ट या पोरीला कळत नाही, असं त्यांना वाटलं तर? मी पुन्हा झाडून घेतलं. सासूबाई रोज विचारायच्या, "झोपलेत ना गं सगळे?" आणि मी म्हणायचे, "गाढ."

जानेवारीत त्या काठी टेकत उठल्या आणि माझ्या नाही-नाही म्हणण्याला न जुमानता शिडी उतरल्या. अर्ध्यावरच थांबल्या. हवेत वास घेतला.

"यूनश्या, खाली सफरचंदं आहेत?"

मी वरून "हो" म्हटलं.

मी उतरले तेव्हा त्या वाळूपाशी बसल्या होत्या. तिन्ही कोबींची पानं देठापासून सुटून भोवती रिंगण करून पडली होती. लाल दोरे सैल होऊन खाली आले होते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक पान उचललं, मांडीवर ठेवलं आणि हाताने सपाट करत राहिल्या.

"आई, मी... तुम्हाला सणाला..."

"किती दिवस झाले पानं गळून?"

"पंधरा."

"विचारलं का नाहीस?"

मला रडू फुटलं. हाताला धरून त्यांनी मला वाळूवर शेजारी बसवलं.

बातमी मा काकूंकडे पोचायला एक दुपार पुरली. कुंपणावरून त्या ओरडल्या, "काय गं शूफेन, सफरचंदाच्या गावची सून आणलीस, आता कोबीऐवजी सफरचंदाचीच भाजी कर!"

"तुझ्या लोणच्याच्या रांजणावर बुरशी आलीय ती बघ आधी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेचं मी बघेन." मी चुलीपाशी होते. त्या दिवशी मला ही बाई आवडायला लागली, आधी नुसता धाक वाटायचा.

मग त्यांनी तिन्ही कोबी सोलले. राहिला मुठीएवढा गाभा, खाली मुळं. फुटक्या हंड्यांत माती घालून तिन्ही गाभे त्यांनी खिडकीत ठेवले, झोपायच्या तापत्या ओट्यापासून लांब, जिथे काचेवर आतून बर्फाची नक्षी धरते. "उठवलंयस ना तू त्यांना अवेळी? आता दोघी मिळून जागू," त्या म्हणाल्या.

"तिन्ही फुलतील?"

"दोन तरी फुलायला हवेत. एकट्या कोबीला बी धरत नाही."

आठवड्यात एक गाभा मऊ पडला आणि कुजला. दुसऱ्यातून हिरवं टोक आलं आणि सणाच्या दिवशी त्याला पिवळी फुलं धरली. तिसरा नुसता बसून होता. सगळे नमस्काराला आले, फुलांचं कौतुक करून गेले. सासूबाई हसून "हो हो" म्हणायच्या आणि पाहुणे गेले की तिसऱ्या हंडीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. सफरचंदांचं ताट मी समोर ठेवलंच नाही. शेवटी त्यांनीच पेटी उघडली, एक चिरलं आणि अर्धं मला दिलं. "तुझ्या बाबांनी पाठवलंय. त्याचा काय दोष?"

बारा दिवसांनी पहिल्या झाडाची फुलं खालून गळायला लागली. तेराव्या दिवशी सकाळी तिसऱ्या गाभ्याच्या पोटात मला तिळाएवढी कळी दिसली. मी हाक मारली, तर त्या लंगडत, पीठ लागलेल्या हातांनी आल्या. बघितलं आणि तिथेच खाली बसल्या. चार दिवसांत कळी उमलली. पहिल्याच्या शेंड्यावर तेव्हा सात फुलं उरली होती.

बर्फात मधमाशा कुठल्या? त्यांनी कोंबडीचं मऊ पीस माझ्या हातात दिलं. "तूच कर. माझा हात कापतो." खोटं होतं ते. त्यांचा हात कधीच कापला नाही. मी या फुलावरून त्या फुलावर पीस फिरवत होते आणि त्या श्वास रोखून बघत होत्या.

एप्रिलअखेर शेंगा वाळल्या. सगळं मिळून जेमतेम मूठभर बी. आम्ही ते अंगणात निवडत बसलो होतो तेव्हा मा काकू कुंपणाशी आल्या आणि एकविसाव्या वर्षी पुन्हा म्हणाल्या, "शूफेन, तुझ्या आईचं बी दे की गं चमचाभर."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "मला काय मागतेस? बी यूनश्याचं आहे. तिला माग."

माझा हात सुपातच थांबला. एका घरात ठेवलेलं बी एका चुकीत जातं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी चमचा भरला आणि भीत भीत मा काकूंच्या ओंजळीत ओतला.

सासूबाईंनी ओंजळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अजून एक चमचा दे तिला," त्या म्हणाल्या.