आलिपूर कोर्टातली दुसरी साक्ष

ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. वडील फार पूर्वी रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. मी इथेच जन्मलो आणि इथल्याच पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो. घरी मराठी, ठाण्यात बंगाली, कागदावर इंग्रजी असा माझा दिवस जायचा.

आमच्या हद्दीत, कालीघाटच्या ट्राम डेपोजवळ, दुर्गापूजेच्या आधी एका शिंप्याला खाजगी बसनं उडवलं. तो पूर्व बंगालातून आलेला निर्वासित. डमडमच्या वसाहतीत बायको आणि दोन मुलींसह राहायचा. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून कापावा लागला. पंचनामा मीच केला होता. पूजेसाठी शिवलेल्या लहान मुलींच्या फ्रॉकांचं गाठोडं त्याच्या हातातून सुटलं होतं आणि लाल, पिवळे, निळे फ्रॉक ट्रामच्या रुळांवर पसरले होते. ते गोळा करताना आमच्या जमादाराचे डोळे भरून आले होते.

बसचा ड्रायव्हर एक सरदारजी होता. फाळणीत पंजाबातलं सगळं सोडून आलेला. त्यानं जबाब दिला, "माणूस अचानक गाडीसमोर धावला." शिंपी जागीच बेशुद्ध पडला होता, नंतर त्याला काही आठवत नव्हतं. दुसरा साक्षीदार मिळेना. फौजदारी खटला अडकून पडला.

मग त्या शिंप्याची केस एका वकिलांनी घेतली. हे वकीलबाबू शहरात प्रसिद्ध होते. मोटारीखाली सापडलेल्या माणसांचे नुकसानभरपाईचे दावे, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. बाररूममधले लोक त्यांना हसायचे, कारण जमीनजुमल्याच्या खटल्यांत मान होता आणि या कामात इस्पितळांच्या वॉर्डांतून फिरावं लागे. बसमालक आणि विमा कंपन्या मात्र त्यांना वचकून असत. दावा वर्षभरानं सुनावणीला आला, आणि वकीलबाबूंनी एक साक्षीदार उभा केला. फूटपाथवर कंगवे विकणारा माणूस. त्यानं सगळं पाहिलं होतं म्हणे.

त्याच संध्याकाळी आमचा एक खबऱ्या ठाण्यात आला. आलिपूर कोर्टासमोर त्याचं पानाचं दुकान होतं.

"दारोगाबाबू, तो कंगवेवाला त्या दिवशी कालीघाटला नव्हताच. वकिलाच्या मुहुऱ्यानं त्याला पढवून आणलाय. माझ्याच दुकानासमोर घोकून घेत होता."

मुहुरी म्हणजे वकिलाचा कारकून. मी कंगवेवाल्याला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. खोटं बोलणारा माणूस मार खायच्या तयारीनं येतो, चहाची तयारी त्यानं केलेली नसते. त्यानं हकिकत सांगितली. मी म्हटलं, पुन्हा सांग. पुन्हा तीच वाक्यं, त्याच क्रमानं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस असं सांगत नाही. तो अडखळतो, मागेपुढे जातो, मध्येच काहीतरी आठवून थांबतो.

"बरं, रस्त्यावर काय पडलं होतं?" मी विचारलं.

"रक्त, साहेब."

"आणखी?"

"चप्पल असेल... छत्री..."

ते फ्रॉक ज्यानं पाहिले तो ते जन्मात विसरला नसता. मी एवढंच म्हणालो, "तू तिथे नव्हतास." तो रडायला लागला आणि सगळं बोलून गेला.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. एवढा नावाजलेला वकील हाती लागला होता. मी थेट त्यांच्या भवानीपूरच्या घरी गेलो. ते ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसून मुरमुरे खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

"पढवलं कोणी?"

"तुमच्या मुहुऱ्यानं."

"तुम्हाला खात्री आहे?"

"कंगवेवाल्यानं कबूल केलंय."

ते खुर्चीतून उठले. मग आत बघून पत्नीला म्हणाले, "अगं, दारोगाबाबूंना चहा दे." आणि मला म्हणाले, "उद्या कोर्टात या. तोवर मुहुऱ्याला मी काही कळू देणार नाही."

रातोरात हे प्रकरण मिटवतील, असं मला वाटलं. म्हणून मी मुहुऱ्याच्या घरावर साध्या कपड्यातला शिपाई ठेवला. तिकडे कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश येऊन बसताच वकीलबाबू उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता. "काल माझ्या बाजूनं झालेली साक्ष खोटी आहे. तो माणूस तिथे नव्हता. त्याला माझ्या कचेरीतून शिकवलं गेलं. मला हे काल संध्याकाळी कळलं, पण कचेरी माझी आहे आणि जबाबदारीही माझी. ती साक्ष मी मागे घेतो."

विमा कंपनीचे वकील लगेच उठले आणि दावा फेटाळण्याची मागणी केली. माझ्या शेजारी शिंपी बसला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

"काय म्हणाले बाबू?" त्यानं हळूच विचारलं.

मी सांगितलं. त्यानं रिकाम्या बाहीवरून डावा हात फिरवला. मला वाटलं, आता हा ओरडेल. तो म्हणाला, "खोट्यावर मिळालं असतं, तर मुलींना काय सांगितलं असतं?"

वकीलबाबूंनी कोर्टाला एकच विनंती केली. ड्रायव्हरला साक्षीला बोलवावं. समोरच्या बाजूनं विरोध झाला, पण न्यायाधीशांनी मान्य केलं. बसमालकानं गरज लागली तर म्हणून आणलेला सरदारजी बाहेर व्हरांड्यातच बसलेला होता. तो आत आला, शपथ घेतली. न्यायाधीशांनी त्याला समज दिली की स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. मी वकीलबाबूंच्या प्रश्नांमधले डावपेच बघायला सरसावून बसलो.

वकीलबाबू म्हणाले, "सरदारजी, माझा साक्षीदार खोटा निघाला, ते मी आत्ताच कोर्टाला सांगितलं. माझ्याकडे आता कोणी नाही. तिथे काय झालं हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगाल?"

आणि ते खाली बसले.

सरदारजी कठड्याला धरून उभा होता. त्यानं समोर बसलेल्या बसमालकाच्या माणसाकडे पाहिलं, मग शिंप्याकडे. नजर त्या रिकाम्या बाहीवर थांबली.

"हा धावला नव्हता, हुजूर," शेवटी तो म्हणाला. "कडेला उभा होता. मागून दुसरी बस येत होती. तिच्या आधी पॅसेंजर घ्यायचे म्हणून मी गाडी डावीकडे दाबली. मालकानं सांगितलं, धावला म्हण. मी म्हटलं."

त्या एका जबाबानं त्या माणसानं आपली नोकरी, लायसन्स आणि कदाचित आपलं स्वातंत्र्यही सोडून दिलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून तो शिंप्याकडे गेला आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. शिंप्याला हात जोडता येत नव्हते. त्यानं आपला डावा हात सरदारजीच्या जोडलेल्या हातांवर ठेवला. मी वर्दीतला माणूस, पण त्या वेळी माझी नजर वर होईना.

पुढे दावा मंजूर झाला. शिंप्याच्या बायकोनं डमडमला दुकान काढलं. ती शिवायची आणि तो कापड आखून द्यायचा. फौजदारी खटल्यात सरदारजीनं गुन्हा कबूल केला. वकीलबाबूंनी आपल्या एका वकील मित्राला त्याच्या बाजूनं उभं केलं. थोड्या शिक्षेवर भागलं. मुहुऱ्याविरुद्ध वकीलबाबूंनी स्वतः साक्ष दिली. बसमालकांनी खोट्या साक्षीची गोष्ट तिखटमीठ लावून शहरभर केली आणि बरेच दिवस वकीलबाबूंकडे पक्षकार फिरकले नाहीत. पण ते काम त्यांनी सोडलं नाही.

सरदारजीच्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांना गाठलं.

"ड्रायव्हर बोलला नसता तर?"

"तर आम्ही हरलो असतो."

"मग त्या शिंप्याला काय सांगितलं असतंत?"

ते थांबले. "काल तुम्ही गेल्यापासून तेच शोधतोय, दारोगाबाबू. अजून सापडलेलं नाही." एवढं बोलून ते ट्राम पकडायला निघून गेले.

त्यानंतर बरीच वर्षं मी नोकरी केली. माणसाला कोंडीत पकडून खरं काढून घेणं हे आमचं शिक्षण, आणि ते मी केलंही. पण त्या दिवसापासून प्रत्येक चौकशीच्या सुरुवातीला, बाकी काही करण्याआधी, मी समोरच्याला साधेपणानं विचारत आलो, "काय झालं, सांगशील?" बहुतेक जण खोटंच बोलले. काही थोडे खरं बोलले, आणि ते बोलताना त्यांचा चेहरा जसा होई, तो पाहून दर वेळी मला कठड्याला धरून उभा असलेला सरदारजी आठवायचा.