पळसदरीला जातो सांगून

रोहिणी आवडीकाकींकडे कामाला लागली तेव्हा काकी नुसत्या विसरभोळ्या होत्या. चहात दोनदा साखर पडायची, चष्मा तांदळाच्या डब्यात सापडायचा, आणि त्यावर दोघी मिळून हसायच्या. पुढं हसणं थांबलं. काकी रोहिणीला कधी वहिनी म्हणायच्या, कधी परक्या बाईसारखं बघत राहायच्या. भाताची गिरणी चालवणारा त्यांचा नवरा वारून बराच काळ लोटला होता. तरी दुपार झाली की त्या त्याचा डबा भरायला बसायच्या.

रोहिणी नेरळची. नवरा विकास टेंपो चालवायचा, मुलगी भाविका कॉलेजात. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम ती कुठं शिकली नव्हती. सासूचं अंथरुणातलं आजारपण काढता काढता हात बसला आणि पुढं तोच धंदा झाला. काकींकडे राहून तिला एक गोष्ट कळली होती. हात रिकामे राहिले की काकी उठायच्या आणि दाराकडं चालू लागायच्या. "पळसदरीला जाते. दादा वाट बघतोय," म्हणायच्या. पळसदरी त्यांचं माहेर. वाट बघणारा त्यांचा भाऊ पदूदादा कधीच वारला होता. एकदा तर काकी रुळाच्या कडेनं चालत फाटकापर्यंत पोचल्या होत्या, पायात चप्पल नव्हती आणि पदराला चाळणी बांधलेली होती.

तेव्हापासून रोहिणी त्यांचे हात मोकळे ठेवत नसे. कापूस दिला की वाती वळत बसायच्या. वाल निवडायला दिले की निवडायच्या, संपले की रोहिणी ते पुन्हा मिसळून समोर ठेवायची. लोकरीचा गुंता, घडी घालायला फडकी, काहीही. जन्मभर ज्या बाईनं कुरडया घातल्या, गोधड्या शिवल्या, गौरीला कापसाची वस्त्रं केली, तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं तरी बोटांतलं गेलं नव्हतं.

दिवाळीला मुलगा देवेश अमेरिकेहून आला तो घर विकूनच. कर्जतमधली ती जागा बिल्डरला हवीच होती. त्यानं रोहिणीला बाजूला बोलावून सांगितलं, आईला तिकडं न्यायचंय, मला रजा नाही, मी पुढं जातो, तुम्ही तिला घेऊन या. रोहिणीनं आधी नकार दिला. ती कधी विमानात बसलेली नव्हती. मग देवेश म्हणाला, कुणी सोबत नसलं तर डॉक्टर झोपेचं औषध देऊन न्यायला सांगतायत. ते ऐकून तिनं होकार दिला.

जाताना तो एवढंच बोलला, "ताई, आईला काही सांगू नका. तिला कळायचं नाही. आणि कळलंच तर तुम्हाला आवरणार नाही."

व्हिसा होऊन कागद हातात येईपर्यंत रोहिणीनं घरातच तयारी केली. भिंतीला टेकून दोन खुर्च्या लावल्या, एकीवर काकी, एकीवर आपण. कमरेला ओढणीचा पट्टा बांधला. पुढं स्टूल ठेवलं आणि त्यावर एकेक काम देऊन बघितलं. वाती वळायला दिल्या की काकी सगळ्यात जास्त वेळ टिकत. लोकरीचा कंटाळा लवकर यायचा. रोहिणीनं पिशवी भरली. सरकी काढलेला कापूस, लोकर, विणायची बांबूची सुई, कापडाचे तुकडे, पत्ते. शेजारणी म्हणाल्या, विमानात टीव्ही असतो गं, कशाला हे बोचकं? रोहिणीनं तरीही ते घेतलं.

घर सोडताना काकींनी विचारलं, "कुठं चाललो गं?"

"पळसदरीला," रोहिणी म्हणाली.

काकींनी लगेच पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसल्या.

विमानतळावर तपासणीत पिशवीतली छोटी कात्री काढून घेतली. कापूस उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. काकी चाकाच्या खुर्चीत ताठ बसून लोकांकडं बघत होत्या. लग्नाला आलेल्या पाहुण्यांची गर्दी वाटली असावी, कारण एकदोघांना त्यांनी जेवलात का म्हणून विचारलं. विमानात रोहिणीनं त्यांना खिडकीशी बसवलं, स्वतः वाटेच्या बाजूला बसली, समोरचा टीव्हीचा पडदा बंद करून टाकला. काकींच्या मांडीवर कापूस ठेवला. विमान उडून वर पोचलं तसं तिनं खिडकीचं झापड ओढलं आणि समोरचं फळकुट उघडलं. काकींना काही वाटलं नाही. त्या वाती वळत होत्या.

पहिले काही तास बरे गेले. वाती झाल्या, मग घड्या, मग पत्ते. पत्त्यांत काकींना राजा कोण, राणी कोण ते कळेना, पण त्या सगळी लाल पानं एकीकडं आणि काळी एकीकडं लावू लागल्या. जेवणावरची चंदेरी झाकणं निघाली तशी त्यांनी ती मांडीवर घेतली, कडा दुमडल्या आणि पाहता पाहता पणत्या केल्या. एकेका पणतीत एकेक वात ठेवून त्या ताटात मांडल्या. पलीकडच्या रांगेतली बाई कौतुकानं बघत होती. मधूनच काकी विचारायच्या, "अजून आली नाय का पळसदरी?" रोहिणी म्हणायची, "गाडी घाटाखाली थांबलीय, सिग्नल मिळाला नाय." असं किती वेळा म्हणाली, तिलाच आठवत नाही. पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळली होती. नंतर अडखळेनाशी झाली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

रोहिणीचा जरा डोळा लागला आणि तेवढ्यात ताटं गोळा करणारी मुलगी आली. तिनं काकींसमोरचं ताट उचललं, त्यासोबत पणत्या आणि वातींचा ढीगही गेला. तिची काही चूक नव्हती. तिला तो कचराच वाटला.

काकी एकदम उठायला गेल्या. पट्टा बांधलेला असल्यानं उठता येईना. त्यांनी पुढच्या खुर्चीवर हात आपटायला सुरुवात केली. "माझ्या वाती नेल्या. गाडी थांबवा. मला उतरायचंय." लोक मागं वळून बघू लागले. रोहिणीनं त्यांना मिठीत धरलं, तर त्यांनी तिच्या दंडाला नखं लावली. झटापटीत काकींचा हात खिडकीच्या झापडाला लागला आणि ते वर गेलं. बाहेर लख्ख उजेड होता. खाली जमीन नव्हती, नुसता पांढरा ढग, क्षितिजापर्यंत.

काकी बघत राहिल्या. त्यांचे हात सैल पडले. त्या बोलल्या तेव्हा आवाज पूर्वीचा होता, गिरणीवर चार माणसांना कामाला लावणाऱ्या बाईचा.

"रोहिणी, पळसदरी मागं राहिली ना गं?"

कित्येक महिन्यांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. रोहिणीला खोटं बोलवेना.

"हो, काकी."

"देवेशकडं नेतेस?"

"हो."

"आणि घर?"

रोहिणी खाली बघत राहिली. काकींना जे कळायचं ते कळलं. त्या रडल्या नाहीत. रोहिणीच्या दंडावरचे ओरखडे त्यांनी बोटानं चाचपले, पदराच्या टोकानं पुसले.

"दादा तर केव्हाच गेला," त्या म्हणाल्या. "मला मधूनमधून समजतं गं. समजतं तेव्हा फार वाईट असतं. कापूस शिल्लक हाय का?"

रोहिणीनं पिशवीतला कापूस काढून दिला.

"तिथल्या लोकांना सांगून ठेव. हात रिकामे ठेवू नका म्हणावं हिचे."

त्यानंतर त्या वळत राहिल्या आणि रोहिणी शेजारी बसून वळत राहिली. थोड्या वेळानं काकींनी पुन्हा विचारलं, अजून आली नाय का पळसदरी. या वेळी रोहिणीनं सिग्नलचं कारण दिलं नाही. नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

देवेशचं घर मोठं होतं, पण दिवसभर रिकामं. तो आणि त्याची बायको सकाळी कामावर जात. बाहेर बर्फ. काकी दोनदा दार उघडून तशाच निघाल्या, दुसऱ्या वेळी पोलिसांनी आणून सोडलं. त्यानंतर देवेशनं त्यांना तिथल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. रोहिणीनं त्याला हाताशी काम द्यायचं सगळं समजावून सांगितलं होतं, त्यानंही तिथल्या लोकांना सांगितलं. पण कापूस तोंडात घालतील म्हणून तिथं कापूस देत नसत. सुई तर नाहीच. काकी आधी चादरीचे धागे उपसू लागल्या. चादर बदलली तेव्हा स्वतःच्या हाताची कातडी ओरबाडू लागल्या.

भारतात परत निघायच्या आधी रोहिणी भेटायला गेली तर काकींच्या हातांत जाड मोजे घातले होते आणि मनगटाशी पट्ट्यांनी बांधले होते. लहान मुलाच्या मुठींसारखे ते हात मांडीवर पडले होते. रोहिणीनं कुणाला न विचारता पट्ट्या सोडून मोजे काढले, स्वतःचे केस मोकळे केले आणि काकींकडं पाठ करून जमिनीवर बसली. काकींनी तिची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. भेटायची वेळ संपली. नर्सनं हसून, हळुवारपणे, मोजे परत चढवले. देवेश भिंतीकडं तोंड करून उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, हे रोहिणी आजही सांगते.

काकी होळीच्या सुमाराला गेल्या. देवेशचा फोन आला. झोपेतच गेली, तो म्हणाला.

तोवर रोहिणीचं नाव झालं होतं. म्हातारं माणूस इतक्या लांब शांतपणे नेणारी बाई म्हणून लोक तिला विचारत येऊ लागले. पुढची बोलावणी तिनं नाकारली. मग खालापूरच्या संजनाचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला. वडील लडकूतात्या एकटे, डोळ्यांनी अधू, त्यांना कायमचं आणायचंय. रोहिणीनं एकच अट घातली. तात्यांना आधी खरं सांगा, मगच मी येते. संजना हो म्हणाली.

लडकूतात्या साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. डोकं अगदी शाबूत. दिसत नसलं तरी बोटांनी चाचपत दोऱ्या वळायचे. प्रवासात वेळ जावा म्हणून रोहिणी त्यांच्यासाठी सुतळीची गुंडाळी घेऊन गेली. तात्या बॅगेत कपडे ठेवत होते. खुशीत होते.

"रोहिणी, मला परत आणायला तूच येशील ना?" त्यांनी विचारलं. "पेरणीच्या आधी आलं पायजे बघ."

म्हणजे संजनानं सांगितलं नव्हतं. रोहिणी उंबऱ्यातच उभी राहिली. बोलावं की नाही, एवढा विचार तिनं केला. मग म्हणाली, "परत आणणार नाय, तात्या. तुमी तिकडंच राहणार."

तात्या खाटेवर बसले. मग त्यांनी बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढले, चाचपून घड्या घातल्या आणि फळीवर ठेवले.

संजना फोनवर खूप बोलली. रोहिणीनं सगळं ऐकून घेतलं. कर्जत-नेरळभर बोभाटा झाला आणि तिला कामाला बोलावणं बंद झालं. ती साजगावला पॅकिंगच्या कामाला लागली. सुट्टीच्या दिवशी तात्यांकडं जायची, नखं कापून द्यायची, त्यांनी वळलेल्या दोऱ्या बघायची. शेतात पेरणी चालू असताना तात्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. दिसत काहीच नव्हतं, पण चिखलाचा वास येतो म्हणाले.

त्याच पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले. घरात कोणी नव्हतं. सकाळी दूध घालणाऱ्यानं दार ढकललं तेव्हा सगळं संपलेलं होतं. संजना अंत्यविधीला पोचू शकली नाही. तिनं रोहिणीला फोन केला आणि म्हणाली, "माझ्या बाबांना तुम्ही मारलंत." स्मशानात ती बायकांच्याही मागं, एका कडेला उभी राहिली. कुणी तिच्याशी बोललं नाही.

बऱ्याच दिवसांनी भाविकानं तिला विचारलं, "आई, तू बरोबर केलंस असं वाटतं का गं तुला?"

रोहिणी कामावर निघायच्या गडबडीत होती. डबा पिशवीत टाकता टाकता थांबली.

"तात्या तिकडं गेले असते तर जगले असते," ती म्हणाली. "ते मला म्हाईत हाय. रोज आठवतं. पण तात्यांना खरं सांगितलं होतं, त्यांचं त्यांनी ठरवलं. काकींना कुणी विचारलंच नाय. मी सुद्धा नाय."

रोहिणीनं पिशवी खांद्याला लावली आणि कंपनीची गाडी चुकू नये म्हणून भराभर रस्त्याला लागली.