पाय लागला म्हणून

सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग भरला होता. "मी गुंड आहे, मारा लाथ!" प्रशिक्षक ओरडले. शेजारच्या सुमनताईंनी लाथ मारली आणि लगेच वाकून, त्यांना हात लावून नमस्कार केला. पाय लागला ना!

"अहो, गुंडाला कसला नमस्कार करताय?" मी वैतागले.

दाराशी उभे असलेले नवरे म्हणत होते, असल्या लाथांनी काय होणार, पर्समध्ये पिस्तूलच हवं. डोंबलाचं पिस्तूल! गोळी झाडून आम्ही आधी विचारू, "फार लागलं का हो?" मारायचं कसं ते तासाभरात शिकवतील, पण लहानपणापासून अंगात मुरलेलं हे ओशाळणं कोण काढणार?

माझी पाळी आली. दातओठ खात मी सणसणीत लाथ घातली. प्रशिक्षक कळवळले, आणि मला न विचारताच माझा हात त्यांना शिवून कपाळाला टेकला.