माहिती देणारा : मित्र

निफाडहून फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. बोरस्ते चार दिवसांसाठी तिथे पुतण्याकडे गेले होते; तो पुतण्या, संजय, बोलत होता. ‘‘काका, नाना गेले… झोपेतच. चहाला उठले नाय म्हणून बघायला गेलो.’’ मी ‘बरं’ म्हणालो. शटर पुन्हा खाली ओढलं आणि पायरीवर बसून राहिलो. समोरच्या मेडिकलवाल्याने विचारलं, ‘‘कोण होते तुमचे?’’ शेजारी, असं सांगितलं मी त्याला. याला आता सात आठवडे झाले, आणि ते उत्तर मला अजून खटकतं.

इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. तीस वर्षं शेजार, पण शेवटपर्यंत एकमेकांना अहो-जाहो. बोरस्ते पाटबंधारे खात्यात होते. धरणातल्या पाण्याची पातळी रोज मोजायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. पावसाळ्यात सगळं नाशिक ‘धरण भरत आलं’ म्हणून खूश व्हायचं, आणि हे गृहस्थ दशांश चिन्हासकट आकडा सांगून सगळ्यांचा विरस करायचे. एकदा भर पावसात साहेब म्हणाले, कालचाच आकडा टाका, कोण बघतंय. हे छत्री टाकून निसरड्या पायऱ्या उतरले आणि मोजून आले. ‘‘मोजलं नाय तर बोलायचं नाय,’’ एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मी स्टेशनरीचा दुकानदार, बोलण्यावर पोट असलेला. माझं सगळंच अंदाजाने. दुकानात गर्दी किती? शंभरेक माणूस. वणी किती लांब? हे काय, इथेच. यावरून मी त्यांची भरपूर टिंगल केली. ते ऐकून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, ‘‘तुम्ही लय ढोबळ माणूस आहात.’’

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. घरात दुसरं कोणी नाही. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. मीच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. त्यांना आत घेतलं आणि एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन माझ्यासमोर आल्या. बीपी आहे का? आहे. किती वर्षांपासून? मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही; त्यात मी त्यांचा जवळचा म्हणून उभा, जवळच्याला एवढंही ठाऊक नाही म्हणजे काय! ‘‘असेल की चार-पाच वर्षं,’’ मी म्हणालो. बाईंनी लिहून घेतलं.

बोरस्ते बरे होऊन घरी आले. विमा होता, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. सगळे कागद त्यांनी स्वतः क्रमाने लावून दिले. मग सुरू झाले हेलपाटे. कंपनीने आधी मूळ बिलं मागितली, मग औषधांच्या पावत्यांवर शिक्के, मग पुन्हा तीच बिलं. दर वेळी खिडकीत नवा माणूस आणि तेच उत्तर : फाइल मुंबईला गेलीय. पाच महिन्यांनी पत्र आलं. दावा नामंजूर. हॉस्पिटलच्या नोंदीप्रमाणे रक्तदाबाचा विकार चार-पाच वर्षं जुना, म्हणजे विमा घेण्याआधीचा. विमाधारकाने माहिती लपवली. वास्तविक त्यांचा रक्तदाब सापडला होता आमच्याच गल्लीतल्या एका आरोग्य शिबिरात, छातीत दुखण्याच्या अकरा महिने आधी. शिबिराचं कार्ड त्यांनी जपून ठेवलेलं. कंपनी म्हणाली, यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. त्याआधीची औषधांची कागदपत्रं आणा. नसलेल्या आजाराची कागदपत्रं माणसाने आणायची कुठून?

बिल त्यांनी ठेव मोडून भरलं. त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण ते पत्र हातात धरून माझ्या हॉलमध्ये बसले होते, ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘‘पैशाचं जाऊ द्या हो. मी लपवलं? मी?’’ असं तीनदा म्हणाले. चार-पाच वर्षं हे शब्द माझेच, हे मी वाचताच ओळखलं होतं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेलो… आणि बाहेर येईपर्यंत न सांगायचं ठरवून मोकळा झालो. एवढ्याशा शब्दावरून कोण काय अडवतंय, सुटेल आपोआप, अशी मनाची समजूत घातली. पुढे जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. मी भेकड निघालो, दुसरं काय.

त्यांनी विमा लोकपालाकडे तक्रार केली. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. सुनावणी व्हिडिओवर होती. त्यांचा फोन साधा, म्हणून माझा. मीच तो त्यांच्यासमोर धरून बसलो होतो. पलीकडून साहेबांनी विचारलं, ‘‘हॉस्पिटलात ही चार-पाच वर्षं कोणी सांगितली?’’ बोरस्त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘ते मला नाय सांगता येणार, साहेब.’’

साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. मला वाटलं, बरं झालं, यांना ठाऊकच नाही. निकाल विरुद्ध गेला. त्यानंतर बोरस्ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. इमारतीच्या सोसायटीचे हिशेब ते बघायचे, ते त्यांनी सोडले. का, तर लपवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वह्या बघू नयेत. चेष्टेत म्हणाले असतील असं तेव्हा धरून चाललो.

दहाव्यानंतर संजय घर आवरायला आला आणि विम्याची फाइल माझ्याकडे देऊन गेला. प्रत्येक कागदाला क्रमांक, शेजारी मिळाल्याची तारीख. बाराव्या क्रमांकावर हॉस्पिटलच्या केसपेपरची प्रत होती. ‘रक्तदाब : चार ते पाच वर्षे. माहिती देणारा : मित्र.’ खाली माझं नाव आणि फोन नंबर. तो कागद त्यांच्या हातात पडला होता सुनावणीच्या आठ महिने आधी.

आठ महिने रोज संध्याकाळी या माणसाने माझ्याबरोबर चहा घेतला. मी कधी बोलतोय याची वाट पाहिली असेल का? की मी बोलू नये असंच त्यांना वाटत होतं? आता विचारायचं कुणाला? समोरच्या दाराला कुलूप आहे. चहा मी अजूनही दोन कप टाकतो आणि एक ओतून देतो.

मी एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ग्राहक आयोगात वारसाला दाद मागता येते. संजय तयार आहे. पैशासाठी नाही. ‘माहिती लपवली’ हे एक वाक्य खोडलं जावं म्हणून. मागच्या सोमवारी कोर्टाबाहेर नोटरीकडे गेलो. प्रतिज्ञापत्रात साधंच लिहिलंय : हॉस्पिटलात नेलं तेव्हा बोरस्त्यांना रक्तदाब अकरा महिन्यांपासून होता. चार-पाच वर्षं हे मी माहीत नसताना, अंदाजाने सांगितलं. त्यांनी काहीही लपवलेलं नाही. हेच मी आज इथे, चार लोकांत, पुन्हा सांगतो आहे.

सही केली. नोटरीने कागद आपल्याकडे फिरवला आणि खालच्या मोकळ्या रेघेवर बोट ठेवलं. ‘‘काका, तुम्हाला ओळखणारं कोणी बरोबर आणलंय का? इथे त्यांची सही लागेल.’’

दुकानाच्या परवान्यापासून बायको गेल्यानंतरच्या बँकेच्या कागदांपर्यंत, माझ्या प्रत्येक कागदावर त्या रेघेवर बोरस्त्यांनीच सही केली होती. मी बाजूच्या रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं.

‘‘होते,’’ मी म्हणालो.