खुब्यातला सोबती

सिक्कीममध्ये पोस्टिंग होती. मी लान्स नाईक, वय सत्तावीस. पेट्रोलिंगवरून उतरताना बर्फावर पाय सटकला आणि खडकावर आदळलो. वायरलेस सेटवर निरोप गेला, "एक कॅज्युअल्टी. चालू शकत नाही. ओव्हर." ती कॅज्युअल्टी म्हणजे मीच, हे कळायला जरा वेळ लागला.

मिलिटरी हॉस्पिटलात निखळलेला डावा खुबा जागेवर बसवला. पण सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, एका जागी उडाली होती. मेडिकल बोर्डानं नोकरीला अनफिट ठरवलं आणि मी कडेगावला घरी आलो. तरण्याताठ्या गड्याला बायकोनं हात देऊन उठवायचं! लय राग यायचा.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "या वयात कृत्रिम सांधा नको, पुढं झिजेल. मृत दात्याची कूर्चा हाडाच्या चकतीसकट बसवू. मापाची मिळेपर्यंत थांबा."

थांबलो. एक दिवस फोन आला, ऑपरेशन झालं. हुकूम एकच, दोन महिने डाव्या पायावर भार द्यायचा नाही. चकती जुळली तर सांधा वाचला, हलली तर गेला.

काही दिवसांनी कुबड्या घेऊन वॉर्डाच्या खिडकीपाशी उभा होतो. दार उघडून आमच्या गावचे रिटायर्ड सुभेदार साहेब आत आले. झालं! कुबड्या सोडल्या, टाचा जुळवल्या आणि ओरडलो, "राम राम, साहेब!"

"आवं, पाय!" सुनंदा, माझी बायको, किंचाळली.

साहेब पांढरेफटक. "बस खाली, गाढवा! सावधान व्हायला कुणी सांगितलं?"

"सवय, साहेब."

लगेच एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "हलली नाही. नशीब तुमचं." सुनंदानं डोळे पुसले आणि साहेबांना सुनावलं, "इथनं पुढं बाहेरूनच राम राम घाला!" सगळा वॉर्ड हसला.

चकती जुळली. आता उसाला पाणी मीच पाजतो.

दात्याचं नाव सांगत नाहीत. दरवर्षी गावच्या स्मारकावर शहीद जवानांची नावं वाचतात, तेव्हा प्रत्येक नावाला मी एक फूल वाहतो. शेवटी एक जास्तीचं. यंदा साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं रं?"

"नाव ठाऊक न्हाई, साहेब. गेला, पण मला चालता करून गेला."

 साहेबांनी हातातलं फूल माझ्या फुलाशेजारी ठेवलं.