सुधारलेलं तेल

सातपूरच्या एका चिवड्याच्या कारखान्यात मी तेल तपासायचे. प्रयोगशाळा म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातलं एक टेबल आणि त्यावर काचेची नळी. शेठना ती पाहुण्यांना दाखवायला हवी होती. तिचं ऐकायचंही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका उन्हाळ्यात शेंगदाणा तेलाचा ड्रम पत्र्याखाली अर्धवट उघडा राहिला. हवेने तेल बिघडायला लागलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतं. ते मोजायला नमुन्यात रसायनं घालून तो निळा करायचा आणि मग नळीतून थेंब थेंब सोडत तो निळा रंग घालवायचा. जितके थेंब जास्त, तितका बिघाड जास्त. माझे थेंब संपेचनात. हा ड्रम कढईत जाणार नाही, असं मी सांगून टाकलं.

"बघू, राहू द्या थोडे दिवस," शेठ म्हणाले. तेलाला जणू ताप आला होता आणि तो पडून राहिल्याने उतरणार होता.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तपासलं तर आकडा खरंच उतरलेला. शेठचा भाचा मॅनेजमेंट शिकून आला होता आणि ते कोणाला विसरू देत नसे. त्याने लगेच मोबाइलवर आलेख काढला. "मामा, ग्राफ डाउन! तेल रिकव्हर झालं!"

"लय भारी!" शेठ खूश. "सुधारलं की तेल! मॅडम, सही करा, माल काढू."

अकलेचे तारे तोडावेत तर असे! पेरॉक्साइड ही फक्त पहिली पायरी, मी समजावलं. पुढे तेच फुटतं आणि त्यातून वास मारणारी द्रव्यं होतात. आकडा उतरला, कारण तेल पार कामातून गेलं. वास घेऊन बघा. भाचा ड्रमवर वाकला, झटकन मागे सरला आणि म्हणाला, "वास काय, सब्जेक्टिव्ह असतो."

"मॅडमना नाकाने कांदे सोलायची सवय आहे," शेठ हसले. "तेल नाही, बाईच खवट आहे."

मला या दोघांची किळस आली. माझ्या एका सहीवर तो चिवडा देवळाली कॅम्पपासून सटाण्यापर्यंत पोराबाळांच्या बशीत पडणार होता. मी शेगडीवर छोटी कढई चढवली, त्याच तेलात पोहे तळले, मसाला लावला आणि डबा भरून शेठपुढे ठेवला.

"सही करते. आधी हा डबा घरी न्या, नातवंडांना द्या."

"घरी कशाला?" शेठच्या तोंडून निघून गेलं.

भाच्याने मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. मी पेन पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी ड्रम साबणवाल्याकडे गेला.

ती नोकरी मी नंतर सोडली. शेठ अजूनही लोकांना सांगतात म्हणे, बाई फार खवट होती. असेन. त्या तेलासारखी सुधारले मात्र नाही.