गाडीभोवतीची फेरी

आमच्या वरच्या मजल्यावरचे देवधर पायलट आहेत. काल त्यांनी मला स्टेशनवर सोडलं. निघण्याआधी त्यांनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली, चारही टायर वाकून पाहिले. मला ते नाटकच वाटलं. आभाळात ना रिक्षा आडवी येते, ना म्हैस. तिथल्या सरावाचा इथे काय उपयोग? रस्ताभर मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो. स्पीडब्रेकर आला तसं त्यांनी स्टिअरिंग हळूच छातीकडे ओढलं, जणू गाडी आता नाक वर करून उडणार. मी सीट घट्ट धरली.

"सवय हो," ते ओशाळून हसले. माझा संशय पक्का झाला.

उतरताना मी विचारलंच, "ती फेरी कशासाठी?"

"वर गेल्यावर बाजूला थांबता येत नाही ना."

"पण ही तर रस्त्यावरच असते."

"रस्त्यावर तरी दर वेळी कुठे थांबता येतं?"

आज सकाळी किल्ली हातात घेऊन मी माझ्या गाडीपाशी घुटमळलो. कुणी बघत नाही ना, याची खात्री केली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्याभोवती फिरलो. मागच्या टायरपाशी वाकलो, तो तसाच वाकून राहिलो. त्यावर नक्षी म्हणून उरलीच नव्हती.